उंबूले खीर

अमडापूर
४ ऑगस्ट

मंजू,

पह्यले जय भीम घे, मंग पाणी पी, मंग वाच. फोन काऊन नाही केला म्हणशीन. फोनवर तू "बरी आहे आजी" म्हटलं की ठेवून देतं. पत्र असं मधातच ठेवता येत नाही. ठेवलंच, तं ते तिथी पडून तुह्याकडे पाहत राह्यते. अन् रात्रीच्या शाळेत मी एवढी अक्षरं घासून घासून शिकली, ती का नुसती राशनच्या दुकानात सही कराले?

आता खुशीची गोष्ट ऐक. तुह्या पुस्तकाचं आपल्या विहारात वाचन सुरू झालं!

हसू नको. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन असते हे तुले माहीत आहे, अन् वाचते कोण, तं तुहा बाप. संघपालसारखा आवाज आजूबाजूच्या गावात नाही. हे मी त्याची माय म्हणून नाही सांगत, लोक सांगतात. वाचन झालं की तो चपला घालून घरी येते. बाया मातर बसून राह्यतात. पांढरं लुगडं नेसून, एवढं आवरून आलेली बाई लगेच कायले उठते? तं त्या दिवशी मी पिशवीतून तुहं पुस्तक काढलं. म्हटलं, माह्या नातीनं लिहिलं आहे, पण मले बारीक अक्षर दिसत नाही, कोणी वाचता काय. अंगणवाडीची धम्मशीला म्हणे, "आणा इकडे. काय हाय याच्यात?"

म्हटलं, "दुसऱ्या ग्रहावरून एक जण आपल्या गावात उतरते."

धम्मशीला म्हणे, "आपल्या गावात? उतराले जागा तरी भेटली काय त्याले?"

झालं, तवापासून रोज. ग्रंथाचा मान ग्रंथाले, तो चौरंगावर. तुहं पुस्तक खाली पाटावर. पण बायाईची सवय जाते थोडीच? पहिलं प्रकरण संपलं अन् साऱ्या जणी हात जोडून म्हणे, "साधु, साधु, साधु." तिकडे तुहा उंबू सोयाबीनच्या वावरात उलटा पडेल, तिन्ही पाय वर, अन् इकडे आम्ही साधु साधु. मले एवढं हसू आलं की माही कवळी हातात घ्यावी लागली.

उंबू हे नाव कुठून आलं ते मले माहीत आहे. बोलाले शिकली तवा तू पाण्याले उंबू म्हणत होती. मी कोणाले सांगतलं नाही. आपल्या दोघीचं राहू दे.

तुहा बाप मजेत आहे. त्याचं काही पुसू नको.

तुहीच,
पुस्तकातली पूर्णाआजी (मीच ना ते? माह्यासारखीच तंबाखू खाते)


अमडापूर
१९ ऑगस्ट

मंजू,

तुहं उत्तर नाही आलं. न येऊ दे, माह्याजवळच सांगाले लय आहे.

बाया आता भाकरी टाकून लवकर येऊन राह्यल्या. काय लिहिलं तू, बाई! एवढा मोठा अग्नीचा गोळा वावरात पडला, सारं गाव धावलं, अन् पहिला सवाल काय? कुठून आला, हे नाही. काऊन आला, हे बी नाही. "आडनाव काय?" उंबू म्हणते, आमच्या ग्रहावर आडनाव नसते. तं लोक एकमेकाईकडे पाहून म्हणतात, "मंग तं नक्कीच लपवून राह्यला."

इथी धम्मशीलेले पुढचं वाचता येईना. ती हसून बी राह्यली अन् डोळे बी पुसून राह्यली, दोन्ही एकाच पदरात. गेल्या साली पोराले खोली पाहाले ती शहरात गेली होती ना. खोली रिकामी होती, आडनाव सांगतल्यावर भरली. अन् इथी तुहा तो घरमालक! उंबू म्हणते, मी मटण खात नाही, मासळी खात नाही, मी नुसतं ऊन खातो. तं मालक म्हणते, "ऊन चालते हो, पण आमच्या अंगणातलं नको." पाच मिनिटं वाचन बंद. बाया आपापल्या घरमालकाईच्या गोष्टी सांगाले लागल्या.

थांब, दूध उतू गेलं.

आली. हां, उंबूचं ते सुख मोजाचं यंत्र. ते तं मले एवढं आवडलं की मी पंख्याच्या बटनाकडे बी काटा समजून पाहतो. उंबूनं यंत्र बंगल्याच्या वास्तुशांतीले नेलं, काटा ढिम्म. लग्नात नेलं, डीजेजवळ काटा थरथरला, तं उंबू म्हणे हे सुख नाही, हादरा आहे. अन् नळावर माहं अन् सोजराबाईचं भांडण लागलं तिथी काटा गरगर फिराले लागला! अन् ते येडं आपल्या ग्रहावर कळवते, "इथले लोक सुखाला भांडण म्हणतात." धम्मशीलेनं पुस्तक मिटून माह्याकडे पाह्यलं. म्हणे, "आजी, खरं हाय काय?" म्हटलं, खरं नाही तं काय, सोजरा आठ दिवस माहेरी गेली की मले जेवण जात नाही.

सोजराबाई म्हटलं तं सांगतो. ती काही आपल्या विहारात येणारी नाही. भाजीची पाटी घेऊन बाहेरून चालली होती, तं आतून "गोजराबाई मेथीवाली" ऐकू आलं. नाव बदललं तू, पण "तुले तीन हात असते तं तीन जुड्या घेतल्या असत्या, मेल्या" हे दुसरं कोण म्हणते? ती पाटी ठेवून पायरीवर टेकली. दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर. आता पंख्याखालची जागा धरून बसते अन् धम्मशीलेले हुकूम सोडते, "मोठ्यानं वाच बाई, माहं नाव नीट ऐकू नाही आलं." मले म्हणे, "अन्नपूर्णे, तुह्या नातीनं माह्या तोंडात दोनच शिव्या घातल्या. मी एवढी गरीब हाय काय?"

तुह्या बापाचं पुसू नको म्हटलं होतं, पण तू पुसशीनच. तो मजेत आहे. आता चिखलीच्या कचेरीत जायाले पहाटची पहिली बस धरते. दुसऱ्या बसमध्ये त्याचे सोबती असतात. ते त्याले "उंबू साहेब" म्हणतात. तुह्या पुस्तकातला दाखल्याच्या खिडकीतला साहेब, जो कधीच हसत नाही, त्याचं पान कोणी तरी मोबाईलवर फिरवलं, अन् तशाच खिडकीत तुहा बाप बसते. बाकी मजेत आहे. डबा अर्धा वापस आणते, पण ते उन्हामुळं असंन.

ऊन नाहीच म्हणा सध्या. आभाळच आहे.

आजी


अमडापूर
८ सप्टेंबर

मंजू,

तुहं पत्र भेटलं. एवढा मोठा लिफाफा अन् आत एकच ओळ. "आजी, बाबांनी पूर्ण वाचलं का?"

नाही वाचलं.

माह्यानं आता बसवत नाही. भाकर तव्यावर टाकतो अन् दारात जाऊन उभी राह्यतो. दारातून वापस येतो तं भाकर काळी. दीपमाला म्हणते, "तुमाले काय होऊन राह्यलं?" तुह्या मायले काय सांगू? ती दोन्हीकडून हो म्हणते बिचारी. तुह्याशी फोनवर बोलते ते संडासच्या मागं उभी राहून.

चैत्रात तू अन् तुहा बाप फोनवर भांडले तवा मी दाराच्या मागं होती. मुद्दाम नव्हती, गहू निवडून राह्यली होती. तो म्हणे, "लोकाईनं मले हसावं म्हणून शिकवलं काय तुले?" तू काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण त्याचं ऐकू आलं, "माह्या बदनामीचं पुस्तक मी कायले पुरं वाचू?" मंग दीपमालेनं सांगतलं, तू म्हटलं, बाबा पुरं वाचतीन तवाच मी घरी येईन. तवापासून तो वाचत नाही अन् तू येत नाही. जयंतीले नाही आली. आंब्याले नाही आली. दोघाईचं नाक सारखं आहे हे मले माहीत होतं, पण त्याच्यावरचा राग बी सारखाच निघाला.

मी काय काय केलं ते ऐक. पुस्तक त्याच्या उशाशी ठेवलं. पेपरात घालून ठेवलं. डब्याच्या पिशवीत ठेवलं, तं ते चिखलीले जाऊन वापस आलं, वरून भाजीचं तेल लागेल. दर वेळी ते फळीवर वापस दिसते. पण एक सांगतो, फेकत नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं झटकते अन् सरळ उभं ठेवते. तेल बी पुसलं होतं.

पौर्णिमा जवळ येऊन राह्यली. खीरदान झालं की वाचन संपते, ग्रंथ कपाटात जाते, अन् तुहा बाप संध्याकाळी टीव्हीपुढे मुका बसते. त्याचं तोंड उघडते ते वाचतानाच. मंग पुढच्या वर्षावासापर्यंत मी वाट पाहू काय? गुडघ्याले पुसून सांगतो.

तू एक काम कर. तू आधी ये. वाचाले काय, तो नंतर बी वाचीन.

नाही येशीन, माहीत आहे मले. नाक.

आजी

ता.क. उंबू आता दाखल्याच्या खिडकीपुढे उभा आहे. आडनाव नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून खोली नाही. धम्मशीला म्हणे पुढचं प्रकरण मोठं आहे. पुढं काय होते ते मले सांगू नको. सांग.


अमडापूर
२३ सप्टेंबर

मंजू, अगं मंजू,

काय सांगू अन् कुठून सांगू. आधी बस. एकटी असशीन तं चांगलं.

धम्मशीलेले मेहकरले बहिणीकडे जायाचं होतं, ती घाईत होती. तं आवराआवरीत काय झालं, ग्रंथाच्या कापडात तुहं पुस्तक बांधल्या गेलं अन् ग्रंथ गेला कपाटात. चूक होते माणसाची.

काल संध्याकाळी संघपाल आला. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, वंदना झाली. साऱ्या बाया हात जोडून बसेल. त्यानं चष्मा घातला, कापडाची गाठ सोडली, खूण होती तिथी उघडलं अन् सूर लावला. पहिला सूर तो डोळे मिटूनच लावते ना, तं सूर निघून गेला अन् मंग त्यानं पाह्यलं की वाचून काय राह्यला.

"खिडकीपुढे उंबू आजही सकाळपासून उभा होता."

थांबला. कव्हर पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. मी पंख्याकडे पाह्यलं.

तो उठाले लागला. तं मागून पुष्पांजली बोलली. तुले आठवते ना ती, गेल्या वर्षी वाचनातून पाणी प्याले उठली म्हणून त्यानं तिले साऱ्याईसमोर टोकलं होतं. वंदना घेऊन पुस्तक उघडलं की भाग पुरा झाल्याबिगर कोणी उठायचं नाही, हा नियम त्याचाच. पुष्पांजली एकदम गोड आवाजात म्हणे, "संघपालभाऊ, भाग पुरा कराचा असते ना?"

बसला. दुसरं काय करते?

अन् वाचाले लागला, मंजू, ग्रंथाच्याच आवाजात! तेवढाच हळू, तेवढाच भारी. "साहेबांच्या तोंडावर हसू पाहायचे असल्यास साधा अर्ज करावा, दोन फोटो जोडावेत, आणि हसण्याचे कारण सविस्तर नमूद करावे." हे धम्मशीलेनं वाचलं असतं तं आम्ही हसलो असतो. पण ते त्याच्या तोंडून, त्या तोंडानं! बायाईनं पदराचे बोळे करून तोंडात घातले. हसाची हिंमत कोणाची नाही झाली. शेवटी सोजराबाई फुटली, कुकरची शिट्टी फुटावी तशी, अन् मंग साऱ्याच. तो मातर वाचतच. मान खाली, कान लाल. मले वाटलं, अन्नपूर्णे, हे काय केलं तू. म्हणजे धम्मशीलेनं.

मंग कचेरी बंद झाली. पुस्तकातली. साऱ्या गावानं उंबूले नाही म्हटलेलं. तो पायरीवर बसेल. साहेब कुलूप लावून बाहेर आले, त्याच्याकडे पाह्यलं अन् म्हणाले, "दाखला नियमाप्रमाणे मिळणार नाही. पण झोपायला दाखला लागत नाही. बस मागे."

विहारात हसणं कमी झालं.

संघपाल पुढं वाचे. उंबू स्कूटरवर मागं बसला. गावाबाहेर वारा लागला, त्याले झोप आली, एकुलता एक डोळा मिटला. साहेबानं गाडी उभी केली. खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् झोपेल उंबूले आपल्या पाठीशी बांधलं, गाठ आपल्या पोटावर मारली. अन् मंग खड्डे चुकवत, हळू हळू...

इथी त्याचा आवाज गेला.

मंजू, चिखलीच्या शाळेतून तो तुले असाच आणत होता. गाडीवर बसली की तू झोपत होती. साऱ्या गल्लीनं पाह्यलेलं आहे, संघपालची स्कूटर येऊन राह्यली अन् पाठीवर दुपट्ट्यात तुहं मुंडकं लोंबून राह्यलं. दारात उभं राहून मीच ती गाठ सोडत होती. विहारात बसेल एकाही बाईले कोणी काही समजावून सांगतलं नाही.

त्यानं चष्मा काढला, त्याच दुपट्ट्यानं पुसला, वापस घातला. अन् राह्यलेलं वाचलं. ते मले पाठ झालं, एकदाच ऐकून. "पिशवीतल्या यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन टेकला. पण ज्याला तो वाचता येत होता तो झोपला होता, आणि जो जागा होता त्याला रस्ता पाहायचा होता. म्हणून काटा कोणीच पाहिला नाही."

प्रकरण संपलं. साधु कोणी म्हणेना. तं सोजराबाई, जी आपल्यातली नाही, जिले कोणी शिकवलं नाही, ती एकटीच हात जोडून म्हणे, "साधु, साधु, साधु." चुकलं तं नाही ना म्हणून इकडे तिकडे पाहे.

मंग त्यानं कपाट उघडलं, ग्रंथ काढला, चौरंगावर ठेवून नमस्कार केला, अन् त्या दिवसाचा भाग पुरा वाचला. काही सोडलं नाही.

घरी येताना मी मागं मागं. तो म्हणे, "माय, कापडाची गाठ उलटी होती."

म्हटलं, "धम्मशीला घाईत होती ना."

"हाव," म्हणे. "उलटी गाठ कोण मारते ते मले लहानपणापासून माहीत हाय. माह्या चड्डीची नाडी कोण बांधे?"

नळापर्यंत आलो. तिथी तो थांबला, वाहत्या नळाची तोटी बंद केली, अन् माह्याकडे न पाहता म्हणे, "पाण्याले उंबू म्हणे ती."

एवढंच. मंग जेवला. डबल वरण घेतलं.

आजी


अमडापूर
३० सप्टेंबर

मंजू,

फोनवर तू रडली, मले समजलं. सर्दी झाली म्हणे! पुण्यातली सर्दी काय मले माहीत नाही?

इकडची हालत ऐक. धम्मशीला मेहकरवरून आली तं तिची गादी गेलेली. ग्रंथाचा भाग झाला की तुहा बाप आता स्वतःच पाटावरचं पुस्तक उचलते. धम्मशीला रुसून बसली, म्हणे उंबूचा आवाज मले चांगला जमत होता. मंग तडजोड झाली, उंबू ती वाचते, बाकी सारं तो. गोजराबाई मातर सोजराबाई स्वतः म्हणते, पुस्तक न पाहता, अन् तू लिहिल्या त्याच्यापेक्षा शिव्या जास्तीच्या घालते. संघपाल म्हणे, "हे छापेल नाही." ती म्हणे, "ते छापणाऱ्याची चूक."

अन् तो आता दुसऱ्या बसनं जाते. दीपमालेले बसमधल्या बायाईनं सांगतलं, मले नाही सांगतलं त्यानं. सोबती म्हणे, "या, उंबू साहेब!" तं हा सीटवर बसला, पिशवी मांडीवर घेतली अन् म्हणे, "अर्ज आणला काय? दोन फोटो?" कंडक्टर तिकीट फाडाचं सोडून हसत बसला.

काल शेवटचं प्रकरण लागलं. उंबू चालला. बाया भडकल्या! पुष्पांजली म्हणे, आत्ता कुठं त्याले खोली भेटली. सोजराबाई म्हणे, पोट्टीले सांगा, यानाची चाबी हरपली असं लिही म्हणा, अन् ती चाबी माह्या मेथीच्या पाटीत पडली असं लिही. एवढा गोंधळ. तं संघपालनं शेवटचं पान न वाचताच पुस्तक मिटलं. म्हणे, "हे मी वाचत नाही. जिनं लिहिलं तिनं येऊन वाचावं." अन् पंख्याकडे पाह्यलं.

पौर्णिमेले खीर आहे. बायाईनं ठराव केला, उंबूच्या नावानं एक द्रोण काढायचा. त्याच्यावर बी भांडण. धम्मशीला म्हणे, तो खीर खात नाही, ऊन खाते. मंग ठरलं, द्रोण अंगणात उन्हात ठेवायचा, म्हणजे त्याले काय पाह्यजे ते त्यानं खावं. सोजराबाई म्हणे, कोणाचं बी अंगण चालीन, माह्या अंगणात ठेवा. बोलली अन् साऱ्याईले पुस्तकातला तो घरमालक आठवला. मंग मी म्हटलं, तुह्या अंगणात कोंबड्या लय, तं वापस भांडण सुरू झालं, तवा बरं वाटलं.

आता खरं ते लिहितो. तुले बोलावणं धाड असं तुह्या बापानं मले म्हटलं नाही. म्हणणार बी नाही. त्यानं सकाळी जेवताना एवढंच पुसलं की पुण्याची गाडी चिखलीले कवा पोहोचते. मी म्हटलं, मले काय माहीत. तं म्हणे, "मी उगीच पुसलं."

मंग उगीचच तो अंगणात गेला. पोत्याखालची जुनी स्कूटर काढली, धुतली. कोणाले तरी सांगून चिखलीवरून दोन चाकं आणली. लय किका मारल्या, तवा धूर काढून चालू झाली, सारी गल्ली बाहेर आली. मी म्हटलं, "आज काय एवढं?" म्हणे, "गंज लागून राह्यला होता."

तं तू ये. चिखलीले उतरून बाहेर उभी राह्य. तो दिसला तं आधी काही बोलू नको, तो बी बोलणार नाही. नुसती मागं बस. रस्ता आता चांगला झाला आहे, पण वारा तोच आहे. गाडीवर झोप आली तं येऊ दे.

दुपट्टा त्यानं धुऊन दोरीवर घातला आहे. गाठ सोडाले मी दारात आहेच.

आजी